रोजचे राशिभविष्य, रोजची गाऱ्हाणी आणि राजकारण : एका वर्गणी-सेवेचे परीक्षण

मोबाइलवर रोज पहाटे मराठीतून राशिभविष्य पाठवणाऱ्या एका सशुल्क सेवेचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण तिच्यात जे गुण आणि जे दोष आढळले, ते याच प्रकारच्या बहुतेक सेवांमध्ये कमीअधिक प्रमाणात दिसतात, आणि वाचकाने कोणतीही सेवा निवडली तरी तिच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सेवेचे चार भाग आहेत : दिवसाचे पंचांग, बारा राशींचे भविष्य, त्यालाच जोडून येणारा राजकीय व सामाजिक घडामोडींचा परिच्छेद, आणि शेवटी उपाय व सल्लामसलत. या चारांपैकी पहिला भाग चांगला आहे, दुसरा अर्धवट आहे, तिसरा बेजबाबदार आहे आणि चौथा टाळण्याजोगा आहे.

पंचांगाच्या भागात तिथी, नक्षत्र, योग, करण आणि वार ही पाचही अंगे त्यांच्या समाप्तीच्या वेळांसह दिलेली असतात. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर ती स्पष्ट सांगितली जाते, शुभकार्याला वर्ज्य मानलेल्या भद्रेची वेळ वेगळी दाखवली जाते आणि संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वेळ गावानुसार मिळते. घरात एकच छापील पंचांग असले की त्यातील वेळांत स्वतःच्या गावानुसार दुरुस्ती करावी लागते, आणि ती करण्याची सवय आता फार थोड्यांना उरली आहे. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांहून अधिक अंतर आहे आणि केवळ त्यामुळे दोन्हीकडच्या सूर्योदयात सुमारे २५ मिनिटांचा फरक पडतो. सेवा हा फरक सूर्योदयाच्या आणि चंद्रोदयाच्या वेळांत नीट पाळते, आणि म्हणूनच तोच फरक ती राहुकाळात पाळत नाही याचे आश्चर्य वाटते. राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचा वारानुसार ठरलेला आठवा भाग. सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला मानून केलेला ठरीव तक्ता, म्हणजे सोमवारी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा वगैरे, हा केवळ सोयीचा आहे. मुंबईत जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस अकरा तासांच्या आसपास, त्यामुळे हा आठवा भाग उन्हाळ्यात सुमारे ९९ मिनिटांचा आणि हिवाळ्यात सुमारे ८२ मिनिटांचा होतो. डिसेंबरअखेरच्या शुक्रवारी मुंबईतला राहुकाळ सव्वाअकराच्या सुमारास सुरू होतो आणि साडेबारा उलटल्यावर संपतो, पण सेवा मात्र वर्षभर साडेदहा ते बारा हीच वेळ छापते. ज्याला राहुकाळ मानायचा नाही त्याचे यात काहीच बिघडत नाही, परंतु जो श्रद्धेने मानतो आणि त्यासाठी पैसे भरतो, त्याला निदान बरोबर वेळ मिळाली पाहिजे.

गणिताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सेवेने उघड करायला हवी होती. राशी मोजायला सुरुवात कोठून करायची, याबद्दल आपल्याकडे एकमत नाही. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रा नक्षत्राला आधार मानणारी पद्धत स्वीकारली आणि आज बहुतेक पंचांगे त्याच मार्गाने जातात. महाराष्ट्रात मात्र टिळक पंचांगाची परंपरा रेवती नक्षत्रातील तारा आरंभस्थान मानते, आणि दोन्हींत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. म्हणूनच टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. चंद्र रोज सरासरी तेरा अंश चालतो, तेव्हा चार अंशांचा अर्थ असा, की एका पद्धतीने चंद्र ज्या वेळी राशी बदलतो, त्याच्या सात-साडेसात तास आधीच तो दुसऱ्या पद्धतीने पुढच्या राशीत गेलेला असतो. दैनिक भविष्यात सात तास म्हणजे जवळजवळ अख्खा कामाचा दिवस. सेवा कोणती पद्धत वापरते हे तिच्या माहितीच्या पानावर कोठेही लिहिलेले नाही. ग्रहस्थिती ताडून पाहिल्यावर ती चित्रापक्षाची, म्हणजे चित्रा नक्षत्राला आधार मानणारी, असल्याचे कळते, पण हा शोध वाचकाने का घ्यावा?

आता मुख्य भागाकडे, म्हणजे बारा राशींच्या भविष्याकडे वळते. दैनिक भविष्याचा कणा चंद्र आहे, कारण रोजच्या रोज लक्षणीय हालचाल करणारा तोच एक आहे. तो साधारण २७.३ दिवसांत राशिचक्र पूर्ण करतो, म्हणजे एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस राहतो. जन्मराशीपासून मोजल्यास पहिला, तिसरा, सहावा, सातवा, दहावा आणि अकरावा चंद्र अनुकूल मानतात, तर चौथा, आठवा आणि बारावा त्रासदायक. याचा सरळ अर्थ असा, की केवळ चंद्रबळावर भविष्य सांगायचे ठरवले तर मेष राशीला आज जे सांगितले तेच सव्वादोन दिवसांनी वृषभेला सांगावे लागेल, आणि लागोपाठच्या दोन दिवसांचे भविष्य पुष्कळदा एकच असेल. परंतु वाचकाला रोज नवा मजकूर हवा असतो. बारा राशींना वर्षभर रोज स्वतंत्र परिच्छेद द्यायचा म्हणजे ४,३८० परिच्छेद लिहायचे. आकाशातल्या गणितातून तेवढा मजकूर निघत नाही, तेव्हा उरलेली जागा कशाने तरी भरावी लागते. ही सेवा ती जागा रोजच्या कटकटींनी भरते.

हे भरण टाळणे अशक्य नव्हते, आणि माझा खरा आक्षेप येथून सुरू होतो. नावनोंदणीच्या वेळी ही सेवा जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ विचारते. एवढ्या माहितीवरून जन्मनक्षत्र निश्चित कळते, आणि जन्मनक्षत्रापासून दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजून येणारे ताराबळ, म्हणजे जन्म, संपत्, विपत्, क्षेम, प्रत्यरी, साधक, वध, मित्र आणि अतिमित्र या नऊ तारांपैकी आजची कोणती, हे रोज बदलणारे आणि परंपरेला मान्य असलेले फल सहज देता आले असते. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्यामुळे रोजच्या भविष्यासाठी परंपरेनेच तयार ठेवलेले हे साधन आहे. सेवा जन्मवेळ घेते, पण ताराबळ देत नाही. ज्यांनी जन्मवेळ दिली आणि ज्यांनी दिली नाही अशा, एकाच राशीच्या दोघांचे भविष्य मी घरातल्या घरात ताडून पाहिले, तेव्हा दोघांना अक्षरशः तोच परिच्छेद आलेला होता. मग ती माहिती घेतली कशासाठी, याचा खुलासा मागण्याचा वर्गणीदाराला पूर्ण अधिकार आहे. व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झालेला आहे आणि ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम स्पष्ट सांगणे हे त्याचे मूळ सूत्र आहे.

भविष्यात येणाऱ्या कटकटींचा पोत ओळखीचा आहे. प्रवासात खोळंबा होईल, सरकारी कामात दिरंगाई संभवते, वरिष्ठांशी मतभेद टाळावेत, येणे रक्कम अडकेल, शेजाऱ्यांशी वाद वाढवू नयेत, यंत्र किंवा वाहन बिघडण्याची शक्यता आहे, आणि संध्याकाळनंतर दिलासा मिळेल. शहरात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आणि बिले भरणाऱ्या कोणत्याही माणसाच्या दिवसात यांपैकी दोन-तीन गोष्टी घडतातच. म्हणून भविष्य खरे ठरल्यासारखे वाटते. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्ववर्णन म्हणून एकच मजकूर वाटला होता, आणि त्यातील बरीचशी वाक्ये बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या एका पुस्तकातून घेतलेली होती. ते वर्णन आपल्याला किती लागू पडते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. तेव्हा खोळंब्याचे भाकीत खरे ठरले म्हणून सेवेला गुण देता येत नाहीत. तसे गुण कोणालाही देता येतील.

परंतु अचूकतेच्या प्रश्नापेक्षा मला अधिक सलते ते दुसरेच काही. रोजच्या बहुतेक कटकटींना कारण असते, आणि त्या कारणाला बहुधा एक कार्यालय, एक अधिकारी आणि एक मुदत असते. दाखला मिळायला उशीर झाला तर तो कोणाच्या तरी टेबलावर थांबलेला असतो. नळाला पाणी आले नाही तर जलवाहिनी फुटलेली असते, दुरुस्तीचे काम चाललेले असते किंवा पुरवठ्याची वेळ बदललेली असते आणि कोणी कळवलेली नसते. बस आली नाही तर फेरी रद्द झालेली असते. जेव्हा रोज पहाटे एक आदरणीय आवाज सांगतो की हा विलंब आठव्या चंद्रामुळे आहे आणि दोन दिवसांनी आपोआप निवळेल, तेव्हा वाचकाच्या मनातून प्रश्न विचारण्याची इच्छाच निघून जाते. दिरंगाई करणाऱ्या कार्यालयाला याहून सोयीची गोष्ट कोणती? ज्याने जाब द्यायचा तो बाजूला राहतो आणि वाचक शांतपणे पुढच्या राशीत चंद्र जाण्याची वाट पाहतो. मी हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. माझ्या ओळखीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी निवृत्तिवेतनाच्या एका दुरुस्तीसाठी अर्ज केल्यावर, भविष्यात विलंबाचा योग सांगितलेला असल्याने, कित्येक महिने कार्यालयात साधी चौकशीही केली नाही, आणि चौकशी केली तेव्हा एक कागद कमी असल्यामुळे अर्ज पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवला गेला होता असे समजले.

महाराष्ट्रात याबाबत नागरिकाच्या हाती काय आहे, हे अशा सेवेने एका ओळीत सांगितले असते तरी तिची वर्गणी सार्थकी लागली असती. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेसाठी अर्ज केल्यावर पोच मिळाली पाहिजे आणि ती सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. त्या सेवेसाठी नेमलेल्या, म्हणजे पदनिर्देशित, अधिकाऱ्याने मुदत पाळली नाही किंवा अर्ज फेटाळला तर प्रथम अपील करता येते, मग द्वितीय अपील, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कायद्यात आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार माहितीच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. या मुदती चंद्राच्या राशीवर अवलंबून नाहीत. भविष्य सांगणाऱ्याने दिवस प्रतिकूल आहे असे अवश्य सांगावे, पण सरकारी कामाबद्दल बोलायचेच असेल तर आज पोच तपासावी, मुदत मोजावी आणि ती उलटली असल्यास अपील लिहावे, असेही सांगावे. हे सांगण्याने शास्त्राला कोणताही कमीपणा येत नाही. परंपरेतही ग्रहयोग सांगितल्यावर प्रयत्न सोडा असे कोणी जाणता ज्योतिषी सांगत नाही.

राजकीय परिच्छेदाबद्दल अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या सेवेचे वेगळेपण म्हणून जाहिरातीत त्याचाच गाजावाजा केलेला आहे. भारतीय ज्योतिषात राज्य, पाऊस, पीक, धान्याचे भाव आणि युद्ध यांचा विचार नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हेच विषय आहेत. पण परंपरेने ज्योतिषाचे तीन स्कंध वेगळे ठेवले : ग्रहगणित, व्यक्तीच्या जन्मकाळावरून फल सांगणारा होरा, आणि देश व समाज यांचा विचार करणारी संहिता. राज्याचे भविष्य व्यक्तीच्या जन्मराशीवरून सांगायचे नसते, हा भेद त्या विभागणीतच आहे. ही सेवा दोन्हींची सरमिसळ करते. सिंह राशीच्या परिच्छेदात आघाडीतल्या कुरबुरी येतात, वृश्चिकेच्या परिच्छेदात एखाद्या नेत्याच्या पक्षांतराची शक्यता येते आणि मकरेला महागाईवरून जनक्षोभ वाढेल असे सांगितले जाते. जनक्षोभ फक्त मकर राशीच्या लोकांसाठी वाढणार आहे काय? ज्योतिष मानणाऱ्या अभ्यासकालाही ही मांडणी मान्य होणार नाही.

याच परिच्छेदात राजकारणातील व्यक्तींना पदप्राप्ती, मानसन्मान किंवा गुप्त शत्रूंपासून सावधानतेचा इशारा असतो. मंत्रिमंडळाचा विस्तार रखडलेला असताना पदप्राप्तीचा योग लिहिला की तो कोणाला ना कोणाला लागू पडतोच, आणि ज्याला लागू पडत नाही तो तक्रार करायला येत नाही. याउलट, राजकारण आणि दैनंदिन जीवन यांचा जो संबंध खरोखर प्रत्येक घराला भिडत होता, त्याबद्दल अशा भविष्यांनी काय सांगितले? मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या होत्या, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांची प्रक्रिया मार्गी लावण्याचा आदेश दिला. या मधल्या काळात गटार तुंबले किंवा रस्ता खचला तर जिच्या दारात उभे राहावे ती निवडून आलेली व्यक्तीच नव्हती. नागरिकाच्या गाऱ्हाण्याला असलेली ही राजकीय बाजू कागदोपत्री स्वच्छ दिसत होती, तिला तारखा होत्या आणि न्यायालयाचे आदेश होते. सेवेच्या जुन्या मजकुराचा संग्रह वर्गणीदारांना खुला आहे, आणि तो चाळताना त्या काळातही स्थानिक नेत्यांना लोकांचा पाठिंबा वाढेल अशीच वाक्ये सापडली. निवडणूकच नसताना तो पाठिंबा मोजायचा कोठे होता, हे सांगितलेले नाही.

उमेदवारी अर्जाच्या मुहूर्ताबद्दल सेवेने एकदा दिलेले मार्गदर्शन मात्र तपासून पाहण्यासारखे आहे, कारण तेथे पंचांग आणि कायदा समोरासमोर येतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नुसार लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीसाठी अर्ज सकाळी अकरा ते दुपारी तीन याच वेळात स्वीकारले जातात. ठरीव तक्त्यानुसार बुधवारचा राहुकाळ बारा ते दीड आणि गुरुवारचा दीड ते तीन असल्याने या चार तासांतला दीड तास मुहूर्त पाहणाऱ्याच्या हातून जातो, शुक्रवारी अकरा ते बारा जातो, तर सोमवारी आणि मंगळवारी काहीच जात नाही. सेवेने सकाळी नऊच्या सुमाराचा एक उत्तम मुहूर्त सुचवला होता. तेव्हा कार्यालयात अर्ज घेणारे कोणीही नसते. मुहूर्त सांगणाऱ्याला ज्या कामाचा मुहूर्त सांगायचा त्या कामाचे नियम माहीत असायला हवेत, ही अपेक्षा पूर्वीच्या पंचांगकर्त्यांकडूनही असे आणि आजही ती ठेवायला हरकत नाही.

निवडणुकीच्या निकालाची भाकिते हा त्याहून गंभीर विषय आहे. याच अधिनियमाच्या कलम १२६ अ नुसार निवडणूक आयोगाने ठरवून दिलेल्या काळात मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करता येत नाहीत, आणि २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने प्रसारमाध्यमांना स्पष्ट कळवले, की त्या काळात ज्योतिषी, टॅरो वाचणारे किंवा राजकीय विश्लेषक यांच्यामार्फत निकालाचे भाकीत प्रसिद्ध करणे हाही त्या कलमाच्या हेतूचा भंग आहे. रोजच्या भविष्याच्या ओळीआडून अमुक बाजूला ग्रह अनुकूल आहेत असे सूचित करणे याच प्रकारात मोडू शकते. सेवेने अशा काळात हा परिच्छेद पूर्णपणे थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मतदाराने उमेदवाराचे शपथपत्र वाचावे, त्याने भागात केलेले काम पाहावे आणि आपले मत ठरवावे. त्यात गुरू कोणत्या राशीत आहे याची लुडबुड नको.

भाकितांच्या खरेखोटेपणाबद्दल आपल्याच भूमीवर झालेली एक चाचणी येथे सांगितली पाहिजे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात २००८ मध्ये ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशे कुंडल्या जमवण्यात आल्या, भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस कुंडल्या पाठवण्यात आल्या, आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील मुलाची आहे एवढेच ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की त्यांची उत्तरे नाणेफेकीपेक्षा अधिक अचूक नव्हती. ज्यांनी भाग घेतला त्यांचा मी आदर करते, कारण आपले शास्त्र तपासायला देणे हे धैर्याचे काम आहे. प्रस्तुत सेवा मात्र स्वतःची भाकिते कधीच तपासत नाही. काल काय सांगितले होते आणि काय घडले याचा कोणताही ताळेबंद ती ठेवत नाही, उलट जाहिरातीत अचूकतेचा मोठा टक्का छापते आणि तो कसा काढला हे सांगत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे, आणि असा निराधार टक्का त्या व्याख्येच्या किती जवळ जातो हे सेवेच्या चालकांनी स्वतःहून पाहावे.

उपाय आणि सल्लामसलत या शेवटच्या भागावर मी थोडक्यात लिहिते, कारण तेथे परीक्षण करावे असे फारसे काही नाही. भविष्य प्रतिकूल असलेल्या दिवशी परिच्छेदाच्या खालीच ज्योतिषाशी बोलण्याचे बटण ठळक होते आणि मिनिटाच्या हिशोबाने पैसे लागतात. यात साडेसातीचा उपयोग सर्वाधिक होतो. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत गेला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष या राशींना साडेसाती आहे, धनू राशीला चौथा आणि सिंह राशीला आठवा शनी आहे. म्हणजे बारांपैकी पाच राशींना एकाच वेळी शनीचे भय दाखवता येते, आणि शनी कोणत्याही राशीत असला तरी ही संख्या पाचच राहते. चारच मिनिटे शिल्लक, सवलत संपत आहे, असे उलटे मोजणारे घड्याळ, तसेच वर्गणी बंद करताना येणारा, आपल्या कुटुंबाच्या सुरक्षिततेची काळजी नाही काय असे विचारणारा फलक, हे दोन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत खोटी घाई आणि ग्राहकाला लाजवणे या नावाखाली निषिद्ध ठरवलेले आहेत. आजारपणावर ताईत किंवा कवच सुचवले गेले तर प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. ज्यांना असा अनुभव येईल त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घाबरलेल्या माणसाकडून मिनिटाला पैसे घेणे मला अक्षम्य वाटते आणि या एका कारणासाठी सेवेचे गुण मी निम्म्याने कमी करते.

भाषेबद्दल चांगले बोलता येईल. मजकूर शुद्ध आहे, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका क्वचितच दिसतात, आणि ज्योतिषातील शब्द जसे घराघरांत बोलले जातात तसेच वापरलेले आहेत. ज्येष्ठ वाचकांसाठी मोठ्या अक्षरांची आणि मजकूर वाचून दाखवण्याची सोय आहे, तीही उत्तम चालते. पहाटेची सूचना वेळेवर येते. दिवसभरात येणाऱ्या इतर सूचना मात्र बंद कराव्यात, आणि त्या बंद करण्याची सोय मांडणीच्या (सेटिंग्जच्या) पानावर बऱ्याच खाली दडलेली आहे.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांना रोजचे पंचांग गावानुसार अचूक हवे आहे, ज्यांच्या घरी व्रते-उपवास पाळले जातात आणि ज्यांना छापील पंचांगाचे बारीक टाइप वाचायला त्रास होतो, त्यांनी पंचांगापुरती वर्गणी घ्यायला हरकत नाही. सर्वांत कमी मुदतीची वर्गणी पुरेशी आहे, आपोआप नूतनीकरणाची खूण मात्र पहिल्याच दिवशी काढून टाकावी. जन्मवेळ देण्याची गरज नाही, कारण तिचा उपयोग होत नाही. राशींचा मजकूर ज्यांना वाचायला आवडतो त्यांनी तो वाचावा, परंतु सरकारी काम, वैद्यकीय उपचार, पैशांची गुंतवणूक आणि मतदान या चार बाबतींत त्याला विचारात घेऊ नये. ज्यांच्या घरी आजारपण, कर्ज किंवा न्यायालयीन खटला चालू आहे, त्यांनी सल्लामसलतीचा विभाग उघडूच नये.

सेवेच्या चालकांना मी तीन मागण्या लेखी कळवल्या आहेत : राहुकाळ प्रत्यक्ष सूर्योदय-सूर्यास्तावरून काढावा, वापरलेली गणितपद्धती माहितीच्या पानावर लिहावी, आणि निवडणुकीच्या काळात राजकीय परिच्छेद थांबवावा. पहिलीवर काम चालू असल्याचे उत्तर आले, दुसरी मान्य झाली, आणि तिसरीवर तो परिच्छेदच सर्वाधिक वाचला जातो असे कळवण्यात आले. पंचांगापुरती वर्गणी मी चालू ठेवली आहे. राजकीय परिच्छेदाबाबतचा पत्रव्यवहारही मी चालू ठेवणार आहे, आणि ज्या वर्गणीदारांना माझे म्हणणे पटते त्यांनी हीच मागणी स्वतःच्या शब्दांत चालकांना कळवावी.